टप, टपटप आणि पाटबंधारे खातं

कापडी टपाची गाडी पावसाच्या देशात का घ्यावी, हा प्रश्न इंग्लंडमध्ये विचारायचा नसतो. तिथे लोक ती हौसेनं घेतात, वर्षभर टप लावून चालवतात आणि अर्धा तास ऊन पडलं की टप उघडून, गॉगल लावून, कुडकुडत रस्त्यावर येतात. माझा भाचा मँचेस्टरला असतो. त्यानंही घेतली.

गाडी १९९३ सालची, माझदा एमएक्स-५. दोन सीट, एक टप, वर-खाली होणारे दिवे. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकारानं १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोटोंना सुचवलं, की इंग्रज बनवायचे तशी साधी, हलकी, उघडी गाडी आता कुणी बनवत नाही, तुम्ही बनवा. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात ती उभी राहिली. जपान्यांनी इंग्रजी गाड्यांचे सगळे गुण उचलले, इंजिनातून तेल गाळण्याची परंपरा तेवढी तिथेच ठेवली. हे सगळं भाच्यानं मला विमानतळावरून घरी नेताना सांगितलं. गाडीचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास आहे, हेही सांगितलं. माझं मी सांगितलं नाही. मी बसल्यावर ते गाडीला आपोआप कळलं.

या गाडीत बसायचं म्हणजे आधी बूड टाकायचं आणि मग पाय गोळा करून आत घ्यायचे. उतरायची पद्धत माझ्यापुरती अजून ठरलेली नाही. पुढे प्रवासात ग्रासमीर नावाच्या गावी मी दोन्ही हात फुटपाथवर टेकून बाहेर आलो, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी ‘काही हरवलंय का?’ म्हणून विचारलं.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. कालव्याचं पाणी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला का पोचत नाही, याचा खुलासा करण्यात माझी नोकरी गेली. पाणी पोचवण्यात गेली, असं म्हणण्याची माझी छाती नाही.

बेत लेक डिस्ट्रिक्टचा होता. मे महिना, म्हणजे सावंतवाडीला माणूस घामोळ्यांना पावडर लावत पावसाची वाट बघतो तो. भाचेसून म्हणाली, “मामा, गाडीत दोघंच मावतात. तुम्ही मामा-भाचे जा. मी ट्रेननं विंडरमीरला उतरते आणि पुढे बसनं येते. सामान माझ्याकडे द्या.” माझे सगळे पायमोजे तिनं स्वतःच्या बॅगेत टाकले. एक जोडी तरी राहू दे म्हटलं, तर म्हणाली, “नको, ओले होतील.” बाहेर लख्ख ऊन होतं.

विंडरमीर मँचेस्टरहून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. लँकेस्टर मागे पडलं, आभाळ भरलं आणि पहिला थेंब माझ्या डाव्या कानात पडला.

“ते काचेच्या कडेचं रबर आहे, मामा,” भाचा म्हणाला. “तिथे मी सिलिकॉन भरलंय.”

“मग?”

“आधी पाणी गुडघ्यावर पडायचं.”

त्यानं सिलिकॉन सगळीकडे भरलं होतं. टपाच्या शिवणीत, आरशाच्या बुडाशी, दारांच्या कडांना, पांढरे जाड ओघळ सोडून. जिथून थेंब येईल तिथे नळकांडं लावायचं आणि दाबायचं. हा रोग मला ओळखीचा आहे. आमच्याकडेही एक साहेब होते. भराव पाझरला की म्हणायचे, काँक्रीट टाका. पाणी त्यांचं काँक्रीट बघून घ्यायचं आणि दोन मीटर सरकून वर यायचं. साहेब पुन्हा काँक्रीट टाकायचे. बिलं मोठी झाली, साहेबांना बढती मिळाली, पाझर अजून आहे. पाण्याशी भांडण काढणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा निघावा आणि त्याच्याच गाडीत मी भिजावं!

विंडरमीर हे इंग्लंडमधलं सर्वांत मोठं नैसर्गिक सरोवर. सुंदर असावं. ग्रासमीरला वर्ड्सवर्थचं घर आहे. ते मी गाडीच्या मागच्या काचेतून पाहिलं. या जुन्या गाड्यांत मागची काच प्लास्टिकची असते आणि वयोमानानं पिवळी पडते, त्यामुळे घर होतं त्याहून शंभर वर्षं जुनं दिसलं. तिथला जिंजरब्रेड प्रसिद्ध आहे. घेतला. मांडीवर ठेवला. त्याची लापशी झाली.

ग्रासमीरनंतर डनमेल रेझ नावाचा घाट लागतो. तोवर माझ्या पायाखालचं कार्पेट चपचपीत झालं होतं, पण पाणी येतंय कुठून ते दिसत नव्हतं. घाट चढताना पाय जरा कोरडे झाले. माथा ओलांडला, उतार लागला, पुढे मेंढी आली, भाच्यानं ब्रेक दाबला आणि सीटमागे कोंडलेलं तांब्या-दोन तांबे पाणी एका दमात आलं. निम्मं माझ्या पाठीत, निम्मं सीटखालून बुटात.

खात्यात असताना टेलला पूर्ण दाबानं पाणी पोचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर पाहिलं. टेलला मीच बसलो होतो.

उताराच्या पायथ्याशी विथबर्नचं छोटं चर्च आहे. तिथे गाडी थांबवून आम्ही कागदी पेल्यांनी पाणी उपसलं. समोर थर्लमीर पसरलेलं होतं. आणि इथे मला लेक डिस्ट्रिक्टमध्ये पहिल्यांदा रस वाटला, कारण थर्लमीर हे धरण आहे. मूळ सरोवराला मँचेस्टर कॉर्पोरेशननं बांध घातला, पाण्याची पातळी पुढे १५ मीटरनं चढवली आणि १८९४ मध्ये इथलं पाणी मँचेस्टरला नेलं. अंतर १५४ किलोमीटर. एकही पंप नाही. मैलामागे जेमतेम २० इंच उतार, त्यावर पाणी आपल्या पायांनी चालत जातं आणि दिवसाहून थोड्याच अधिक वेळात पोचतं. मी रस्त्याकडेला ओला उभा राहिलो आणि त्या अनोळखी इंजिनिअरांना मनातल्या मनात सलाम केला. एवढ्या उतारात आम्हाला तालुकासुद्धा ओलांडता आला नसता.

“म्हणजे मामा, आपल्या नळाला हेच पाणी येतं,” भाचा म्हणाला.

“हो. आणि तू ते कार्पेटातून घरी नेतोयस.”

तो हसला. मला मात्र पुढचं हसू आलं नाही. ते चर्च एकटंच उभं होतं. ज्या वाडीचं ते चर्च, ती विथबर्नची वाडी या पाण्यानं घेतली. थोड्या अंतरावर हॉजवॉटर आहे. तिथेही मँचेस्टरसाठी धरण झालं, मार्डेल गाव बुडालं आणि दुष्काळात त्याच्या भिंती अजून वर येतात. माझ्या पहिल्या धरणाच्या पोटात एक गाव आहे. त्याच्या घरांची मोजमापं मी घेतली होती, तरुण होतो, टेप धरून. एका म्हातारीनं मला चुलीची उंची मोजायला लावली. मोबदल्याच्या तक्त्यात चुलीला रकाना नव्हता. मी मोजली आणि वहीच्या समासात लिहिली. ती वही पुढे कुठे गेली, ठाऊक नाही.

“मामा, बसताय ना?” भाचा म्हणाला. बसलो. सीटनं फसकन पाणी सोडलं.

मुक्काम बॉरोडेलच्या खोऱ्यात, एका शेतघरात होता. जवळच सीथवेट आहे, इंग्लंडमधली सर्वांत पावसाळी वस्ती. वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर. भाच्यानं हा आकडा मला छाती फुगवून ऐकवला. मी म्हटलं, आंबोलीला सात हजारांच्या आसपास पडतो. तो म्हणाला, शेजारच्या हॉनिस्टर खिंडीत डिसेंबर २०१५ मध्ये चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पडला, हा ब्रिटनचा विक्रम आहे. मी म्हटलं, २६ जुलै २००५, सांताक्रूझ, ९४४. तो गप्प झाला. देशाभिमान म्हणतात तो मला गाडी लावलेल्या गोठ्यात, ओल्या विजारीत, पुरेपूर जाणवला. शेतकरी दारात आला, आभाळाकडे बघून ‘आज बरं आहे’ म्हणाला आणि धो धो पावसात निघून गेला.

भाचेसून आमच्या आधी पोचली होती. शेकोटीपुढे बसून चहा पीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची पाहणी हाती घेतली. पाणी कुठे दिसतं यावरून गळती सापडत नाही. पाण्यानं कुठून जायला हवं होतं, ते आधी शोधायचं. टपाच्या मागच्या काठाखाली, कापड आणि पत्रा यांच्या सांध्यात, या गाडीला आडवी पन्हळ आहे. टपावरून आत उतरलेलं पाणी तीत पडतं आणि दोन्ही टोकांना वाहतं. तिथे, सीटबेल्टच्या खांबांमागे, दोन बाजूंना दोन भोकं. त्यांतून नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे गाडीच्या पोटाशी सुटते. म्हणजे चर, उतार, विमोचक, सगळं रीतसर. या टपातून पाणी मुळीच आत येऊ नये अशी बनवणाऱ्यांची अपेक्षाच नाही. येणार हे धरून त्यांनी त्याची वाट काढून ठेवली आहे. असं काम मंजूर करताना मी एकही शेरा मारला नसता.

मात्र गाडी वर्षानुवर्षं सिकामोरच्या झाडाखाली उभी राहिली होती. पानं, शेवाळं, माती आणि त्या झाडाच्या भिरभिरत पडणाऱ्या पंखवाल्या बिया, असा सगळा गाळ नळ्यांच्या तोंडाशी बसला होता. सांडवा बंद म्हटल्यावर पाणी भरावावरून जाणार. इथे ते सीटमागच्या खणावरून आत येत होतं.

मी गाडीखाली डोकं घातलं, नळीचं खालचं तोंड पाहिलं आणि आडवा असतानाच ओरडलो.

“हे पांढरं काय आहे?”

“सिलिकॉन,” भाचा हळूच म्हणाला. “खालून चिखल उडून आत जाईल म्हणून...”

त्याच्या आईला फोन करण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला.

सिलिकॉन त्यालाच नखांनी खरवडायला लावलं. मग वरून नळीत काय घालावं, हा प्रश्न आला. तो तार घेऊन धावला. तार घालायची नाही. जुनी नळी फाटते किंवा जागची निसटते, आणि मग पाणी कुठे जातंय हे देवालाही कळत नाही. शेतकऱ्याकडे गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी होती. ती गोल फिरवत हळूहळू आत सोडली, वरून थोडं थोडं पाणी ओतलं. डावी बाजू लगेच सुटली. उजवीनं बराच वेळ घेतला, मग घशात काहीतरी अडकल्याचा आवाज केला आणि काळं, कुजकं पाणी भळ्ळकन चाकापुढे आलं. त्यात एक पंखवाली बी होती. तिला मोड आला होता, दोन पानं फुटलेली. भाचेसुनेनं ती उचलून गोठ्याबाहेरच्या मातीत लावली.

मग सीट काढल्या. एका सीटला चार बोल्ट. ते वाकून काढणं हे माझ्या कंबरेचं काम नव्हतं, म्हणून मी देखरेख केली, सवय आहे. कार्पेट उचललं. त्याखाली जाड फोम असतो. वरून हात लावला तर कोरडा, पिळला तर बादली भरते. तो बाहेर काढून वाळवल्याशिवाय गाडी कोरडी झाली असं समजूच नये. सीटच्या मागे, मागच्या चाकाजवळ पत्र्यावरचा रंग फुगला होता. नळी तुंबली की पाणी आतल्या आत सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात, उतरतं आणि पत्रा आतून खातं. वर्षाच्या एमओटी तपासणीत गाडी नापास होते ती इथेच. भाच्यानं अंगठा दाबला. अंगठा आत गेला. वेल्डिंगवाल्यानं पुढे किती घेतले, ते त्यानं बायकोला सांगितलेलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

दारांच्या रबरांची परीक्षा कागदानं घेतली. वर्तमानपत्राची पट्टी रबरावर ठेवून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघाली तर रबर काचेला टेकत नाही. माझ्या कानाशेजारची पट्टी वाऱ्यानंच उडाली. टपाच्या पकडी जरा आवळल्या, रबरांना सिलिकॉन ग्रीस चोळलं. एवढंच सिलिकॉन मी मंजूर केलं. भाचा व्हॅसलीन लावणार होता. त्यानं रबर फुगून बिघडतं.

उरलेली दमट हवा शोषायला मांजराच्या शौचाची ती सिलिकाची खडी फार छान काम करते. शेतघराच्या मालकीणबाईंकडे मांजर होतं, त्यामुळे खडी होती. ती भरून गाडीत ठेवायला कापडी पिशव्या हव्या होत्या. भाचेसून आत गेली आणि तिनं जपून आणलेले माझे सगळे कोरडे पायमोजे घेऊन आली.

“मामा, तुमचेच मोठ्या मापाचे आहेत,” ती म्हणाली.

मँचेस्टरपर्यंत मी मोज्यांशिवाय बूट घालून आलो. डनमेल रेझवर सडकून पाऊस लागला. भाच्यानं मुद्दाम ब्रेक दाबून दाखवला. पाठ कोरडी राहिली. कानात मात्र एक थेंब पडला.

अशी जुनी कापडी टपाची गाडी घ्यायला निघाला असाल, तर टप, रंग, इंजिन नंतर बघा. खिशात पाण्याची बाटली ठेवा. मालकाची परवानगी घेऊन सीटबेल्टच्या खांबामागच्या भोकात पेलाभर पाणी ओता आणि मागच्या चाकापुढे वाकून बघा. खाली धार लागली तर किंमत विचारा. नाही लागली, आणि मालकाच्या नखांत पांढरं सिलिकॉन दिसलं, तर चहासुद्धा न घेता निघा.