चोपडा आपल्याच पेढीत हवा

सुरतेच्या गोडादऱ्यात लिहिणाऱ्यांची वाण नाही. सकाळी डोळा उघडल्यापासून बोटं चालू असतात. मुलीच्या निकालावर चार ओळी, गावच्या जत्रेवर आठ, सेठने पगार लांबवला त्याच्या संतापाच्या वीस, गेलेल्या आत्याची आठवण. सगळं स्टेटसवर. चोवीस तास झाले की पाटी कोरी.

लिहिता हे फार चांगलं करता. पण जिथे लिहिता ती जागा बदला, एवढंच आज सांगायचं आहे आणि जरा जोरात सांगायचं आहे.

गोडादरा, डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात जळगाव-धुळे-नंदुरबारची, म्हणजे खान्देशातली हजारो घरं आहेत. लूमखात्यातल्या पाळ्या, साडीचं फोल्डिंग, मार्केटातली पार्सलं आणि घराघरांत मांडीवर साडी पसरून टिकल्या चिकटवणाऱ्या बाया. या हातांनी अर्ध्या हिंदुस्थानाला साड्या नेसवल्या. त्यांच्या आयुष्याबद्दल इंटरनेटवर शोधायला बसा. कापडाचे भाव सापडतील, घाऊक व्यापाऱ्यांचे फोन नंबर सापडतील, आमदार-नगरसेवकांचे वाढदिवस सापडतील. बारा तासांच्या पाळीनंतर कानात लूम किती वेळ वाजत राहतो, हे सांगणारं आपल्या भाषेतलं एक पान मिळवताना घाम फुटतो.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि थोड्याच दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. त्यात आपली किती असतील! पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले, शहर स्वच्छ झालं, त्यावर भरपूर लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण तोंडाला फडकं बांधून, पोर कडेवर घेऊन, नंदुरबारच्या बाजूच्या गाडीत दाराशी उभ्याने गेलेल्या माणसाची बाजू कुठे आहे? गावात पोचल्यावर भाऊबंदांनी घरात घेतलं की गोठ्यात झोपवलं? परत आल्यावर खोलीचं कुलूप शाबूत होतं का? आमच्या गल्लीतले एक नाना हे सगळं सांगतात. त्या वेळी ते ऐन तिशीत होते. मध्यंतरी नातवाने त्यांचं बोलणं फोनवर घेतलं, स्टेटसला लावलं, साठेक जणांनी पाहिलं. मी दोन दिवसांनी मागायला गेलो तेव्हा नातवाने फोनमधली जागा भरली म्हणून ती चित्रफीत काढून टाकली होती. नाना अजून आहेत, म्हणून पुन्हा विचारता येईल. सगळ्यांचे नाना राहिलेले नाहीत.

रिंग रोडच्या मार्केटातला व्यापारी दिवाळीला चोपडापूजन करतो, म्हणजे हिशेबाची वही पुजतो. हिशेब कंप्युटरवर गेला तरी चोपडा त्याच्याच पेढीत राहतो. समोरच्या दुकानदाराला सांगा, तुझी जमा-नावे माझ्या गल्ल्यात ठेव, मला वाटेल तेव्हा मी पानं फाडीन. तो तुम्हाला दुकानाची पायरी चढू देणार नाही. आपण मात्र आयुष्याची जमा-नावे नेमकी अशीच ठेवतो आहोत, आणि पानं फाडली जातात तेव्हा तक्रारही करत नाही.

पानं फाडली गेली आहेत. जिओसिटीजवरची लोकांची पानं २००९ मध्ये याहूने बंद केली. ऑर्कुटवर किती मराठी पोरांनी पहिल्यांदा देवनागरीत लिहिलं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते मिटलं. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. बंदीची कारणं देशाच्या सुरक्षेची होती, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण आपल्या अहिराणी बोलीत विनोद करणारी, शेतातली-खात्यातली गंमत दाखवणारी पोरं एका रात्रीत शून्यावर आली. कोणी यूट्यूबवर नव्याने उभं राहिलं, कोणी दमून सोडून दिलं. मेहनत त्यांची होती, किल्ली दुसऱ्याकडे होती.

आणि याच काळात मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. मोठ्या कंपनीची गादी नसतानाही ते टिकलं, कारण चालवणाऱ्यांना ते टिकवायचं होतं.

खान्देशी माणसाला तर याचा धडा घरातच मिळालेला आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता गाणी सुचायची, ओठावर यायची. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं आणि महाराष्ट्र थक्क झाला. कागद घरात होता म्हणून हे घडलं. जी गाणी कोणी उतरवली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली.

श्रावणात आपली कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. सुरतेतही आपल्या वस्त्यांतून वाजतगाजत मिरवणुका निघतात. नाचाच्या चित्रफिती ढिगाने पडतात आणि बघायला छान असतात. पण नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या कोणाच्या नावाने मोजायचे, ते कोणी दळायचे, भाऊबंदकीत रोट कोणी खायचा, गावाहून आणलेला कानबाईचा नारळ वन-बीएचकेच्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवायचा, हे सासूने सुनेला तोंडी सांगितलेलं ज्ञान आहे. आता सून सकाळी आठला कामावर निघते, सासूला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही आणि ते सांगणं मधल्या मजल्यावर अडकून पडलं आहे. ही माहिती तीनशे शब्दांत मावते. एका दुपारचं काम आहे.

तेही अहिराणीत लिहा. २०११ च्या जनगणनेत अहिराणी धरून खान्देशी बोलणारे अठरा लाखांवर नोंदले गेले. तरी फोनवर अहिराणी वाक्य लिहायला जा, कीबोर्ड पुढे पुढे प्रमाण मराठीचे शब्द सरकवतो. कारण सरळ आहे. यंत्र लिहिलेल्या मजकुरावरून शिकतं आणि आपण लिहिलेलं उघड्यावर ठेवलेलंच नाही. बंद ग्रुपमध्ये लाखभर वाक्यं पडली असली तरी शोधणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या लेखी ती नाहीत.

आता कामाचं. गूगलचं ब्लॉगर फुकट आहे, वर्डप्रेसही फुकट सुरू करता येतं. तीही परक्याचीच जागा, पण तिथून सगळा मजकूर एकगठ्ठा उतरवून घेता येतो. सुरुवातीला पुरे. पुढे मार्केटातल्या एका मध्यम साडीच्या पैशांत स्वतःच्या नावाचा .इन पत्ता वर्षभरासाठी मिळतो. देवनागरीत हवा असेल तर २०१४ पासून .भारत आहे. पत्ता आपला असला की खालची कंपनी बदलली तरी वाचकाची वाट बदलत नाही. परवानगी कोणाचीच लागत नाही. ३० एप्रिल १९९३ ला जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेने वेबचं तंत्र सगळ्या जगाला मोफत देऊन टाकलं, त्यात गोडादराही आला.

लेख आधी आपल्या पत्त्यावर टाका, मग त्याचा दुवा ग्रुपवर, फेसबुकवर, हवा तिथे पाठवा. चित्रफीत करायची तर करा, पण त्यातलं बोलणं शब्दांत उतरवून शेजारी ठेवा. तारीख लिहा, गाव लिहा. एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. ब्लॉगला फीड असते, ती चालू ठेवा. वाचकाने एकदा जोडून घेतली की नवा लेख थेट त्याच्याकडे जातो. काय दाखवायचं नि काय दाबायचं हे मध्ये बसून कोणी ठरवत नाही. गूगलने फीड वाचायचं आपलं रीडर १ जुलै २०१३ ला बंद केलं, तेव्हा फीड संपली असं पुष्कळांना वाटलं. ती अजून चालू आहे, कारण ती मुळात कोणाच्या मालकीची नव्हतीच.

“पण वाचणार कोण?” हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. नागपूरला दिलेली तुमची भाची वाचेल, तिला पहिली कानबाई बसवायची असेल तेव्हा. लूमच्या कामगारांवर अभ्यास करणारं कोणी पोरगं वाचेल. बारा वर्षांनी तुमचा मुलगा वाचेल. त्या दिवशी किती अंगठे मिळाले याच्याशी यातल्या कोणाचंच देणंघेणं नसेल.

शेवटी एक मागणी, आणि ती शिक्षकांकडे. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. त्यांतल्या मराठीच्या बाई-सरांनी यंदा निबंधाला ‘माझा आवडता प्राणी’ देऊ नये. आठवीच्या पोरांना घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाठवावं, तीन प्रश्न देऊन: सुरतेला कोणत्या साली आलात, पहिली रात्र कुठे काढलीत, १९९४ ला काय केलंत? उत्तर जसं बोललं तसं, त्याच बोलीत लिहून आणायचं. नाव टाकायचं की नाही हे सांगणाऱ्याने ठरवायचं. मग शाळेच्या नावाने एक पत्ता घ्यावा आणि सगळी उत्तरं त्यावर चढवावीत. पहिल्या वर्षाचे पत्त्याचे पैसे मी देतो.