हेक्सन, अर्थात कळ कुठे आहे?

'हेक्सन' हा १९९५ सालच्या ऑक्टोबरात आलेला, तलवारी, जादू आणि राक्षस यांनी गजबजलेला फर्स्ट पर्सन शूटर जातीचा गेम आहे. या जातीच्या गेममध्ये नायक दिसत नाही. पडद्याच्या तळाशी त्याचा हात आणि हातातले हत्यार तेवढे दिसते. बाकीचे शौर्य खेळाडूने गृहीत धरायचे असते. लांबून पाहणाऱ्याला हा राक्षस मारण्याचा गेम वाटतो. प्रत्यक्षात तो भिंतीवरच्या कळा शोधण्याचा गेम आहे आणि राक्षस अधूनमधून येतात ते खेळाडूला एकटे वाटू नये म्हणून. बऱ्याच वर्षांनी त्याच्याकडे परतणाऱ्या माणसाला राक्षस सगळे आठवतात, त्यांची नावे आठवतात, त्यांचे गुरगुरणेही आठवते. कळ कुठे होती, एवढेच आठवत नाही.

गेमचा पूर्वेतिहास थंडीशी निगडित आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरी, ब्रायन आणि स्टीव्ह रॅफेल या भावांनी १९९० साली रेव्हन सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. त्यांचा पहिला गेम 'ब्लॅक क्रिप्ट' (१९९२) हा भुयारांतून हिंडण्याचा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी होता. दरम्यान १९९१ मध्ये आयडी सॉफ्टवेअर या दुसऱ्या गेम कंपनीची मंडळी मॅडिसनला राहायला आली आणि दोन्ही घरांची ओळख झाली. तिथला हिवाळा मात्र आयडीवाल्यांना मानवला नाही. १९९२ मध्ये त्यांनी टेक्ससचा रस्ता धरला. रेव्हनवाले थंडीतच राहिले. टेक्ससमध्ये १९९३ साली 'डूम' तयार झाला. त्याच्या इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर, रेव्हनने आधी 'हेरेटिक' (१९९४) आणि मग 'हेक्सन' उभा केला. आयडीचे जॉन रोमेरो त्याचे निर्माते होते. 'डूम'मध्ये खेळाडूने सुसाट पळायचे आणि दिसेल त्याला गोळी घालायची असते. रेव्हनच्या माणसांचा पिंड आरपीजीचा, त्यामुळे त्यांनी या सुसाट पळणाऱ्या माणसाला थांबवून विचार करायला लावले. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

कथा थोडक्यात अशी. सर्पस्वार नावाचे तीन दुष्ट भाऊ जगांमागून जगे गिळत निघाले आहेत. पहिला, डीस्पारिल, 'हेरेटिक'मध्ये मारला गेला. दुसरा, कोरॅक्स, क्रोनॉस नावाच्या जगावर राज्य करतो. क्रोनॉसवर सैनिकांची, पुरोहितांची आणि जादूगारांची अशा तीन संस्था आहेत. तिन्हींच्या प्रमुखांनी कोरॅक्सपुढे मान तुकवली आणि त्यांच्यामागोमाग अनुयायीही त्याचे गुलाम झाले. या सामुदायिक पक्षांतरातून तीनच माणसे सुटली: बॅरॅटस हा योद्धा, पॅरियास हा धर्मगुरू आणि डेडोलॉन हा जादूगार. खेळाडूने यांतला एक निवडायचा. जग वाचवण्याच्या कामी उरलेले दोघे काय करतात, याविषयी गेम मौन पाळतो.

आरपीजीचा अंश मुख्यतः या निवडीत आहे. योद्धा वेगवान आणि दणकट असतो. त्याचे पहिले हत्यार म्हणजे काटेरी हातमोजा चढवलेली त्याची स्वतःची मूठ. जादूगार हळू चालतो आणि लवकर मरतो, पण त्याच्याकडे कधीही न संपणारी नीलमण्याची कांडी असते आणि पुढे शत्रूला गोठवणारे हिमास्त्र येते. गोठलेल्या राक्षसाचे तुकडे खळकन फुटतात. हा आवाज ऐकण्यासाठी पुष्कळांनी जादूगार होणे पत्करले आहे. धर्मगुरू दोघांच्या मधला. दूरच्या हाणामारीत तो योद्ध्याहून बरा आणि जवळच्या हाणामारीत जादूगाराहून बरा, म्हणजे दोन्हींकडे दुसरा. प्रत्येकाला चार हत्यारे मिळतात. त्यांतले चौथे तीन तुकड्यांत विभागलेले असून तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले असतात. मारायचे साधनसुद्धा आधी शोधून, मग जोडून घ्यावे लागते.

काठिण्यपातळ्यांची नावेही निवडीप्रमाणे बदलतात. धर्मगुरूची सर्वांत सोपी पातळी 'वेदीवरचा पोऱ्या' आणि सर्वांत अवघड 'पोप' आहे. मधे कार्डिनल वगैरे बढत्या येतात. योद्धा शिलेदाराच्या हाताखालच्या उमेदवारीपासून 'टायटन'पर्यंत जाऊ शकतो. पंचविशीत टायटन झालेला खेळाडू पन्नाशीत परत येतो तेव्हा यादीकडे बराच वेळ पाहतो आणि घरात कोणी बघत नसल्याची खात्री करून उमेदवारी स्वीकारतो.

आरपीजीत सहसा लढून अनुभव मिळतो आणि अनुभवाने नायक बलवान होतो. 'हेक्सन'मध्ये तसे काही होत नाही. शंभर राक्षस मारलेला बॅरॅटस पहिल्या राक्षसापुढे उभ्या राहिलेल्या बॅरॅटसइतकाच असतो. अनुभव येतो तो खेळाडूला. आरपीजीकडून गेमने घेतली ती पोतडी. तीत जखमा भरणाऱ्या कुप्या, तब्येत पूर्ववत करणारे कलश, पंख, वेगाचे जोडे, मशाली असे सामान साठत जाते. या सामानाचा मानवी स्वभावावर ठराविक परिणाम होतो. 'हे पुढे मोठ्या लढाईला लागेल' असे म्हणत खेळाडू सर्व काही जपून ठेवतो आणि पोतडीत डझनभर कुप्या असताना एखाद्या किरकोळ राक्षसाच्या हातून मरतो.

पोतडीतली सर्वांत लोकप्रिय वस्तू पोर्कलेटर होय. ती वापरली की समोरचा राक्षस काही काळ डुक्कर होतो. 'हेरेटिक'मध्ये याच कामासाठी अंडे होते आणि राक्षसाची कोंबडी होत असे. एका वर्षात कोंबडीवरून डुकरापर्यंत झालेली ही प्रगती रेव्हनच्या महत्त्वाकांक्षेची निदर्शक मानता येईल.

आता मुख्य विषय, म्हणजे कळ. 'डूम'मध्ये एक लेव्हल संपली की दुसरी सुरू होते आणि गेलेल्या लेव्हलचा पुन्हा संबंध येत नाही. 'हेक्सन'च्या ३१ लेव्हल मात्र पाच गटांत बांधलेल्या आहेत. या गटांना हब म्हणतात. हबमधल्या एका लेव्हलमधून दुसरीत जाता येते आणि परतही येता येते. मागच्या खोलीत फोडलेले मडके फुटलेलेच सापडते, कारण गेम प्रत्येक जागेची स्थिती लक्षात ठेवतो. खेळाडूनेही ती लक्षात ठेवावी, अशी त्याची अपेक्षा असते आणि घोटाळा तिथेच होतो. 'शॅडो वूड' या अरण्यातली कळ दाबली की परिणाम दलदलीपलीकडच्या एखाद्या लेव्हलमध्ये होतो. पडद्यावर संदेश येतो, की अमुक लेव्हलमध्ये एक दार उघडले आहे, किंवा कोड्याचा एवढा भाग सुटला आहे. अर्ज मिळाला, योग्य ती कार्यवाही संबंधित विभागात चालू आहे, असे कळवणाऱ्या सरकारी कचेरीची शैली या संदेशांत आहे. कोणते दार, ते सांगितलेले नसते. कोडे कोणते, तेही नसते. आपण कोडे सोडवत होतो, हीच पुष्कळदा खेळाडूला मिळालेली पहिली बातमी असते.

यातून खेळाडूची एक विशिष्ट चाल तयार होते. तो भिंतीला खांदा लावून, कडेकडेने, प्रत्येक फूटभर अंतरावर भिंत दाबत पुढे सरकतो. रंग जरा वेगळा दिसला की दाबतो. नक्षी दिसली की दाबतो. काहीच दिसले नाही तर संशय येऊन दोनदा दाबतो. जगाचा तारणहार असा भिंती चाचपत फिरत असताना पाठीमागून दोन डोक्यांचा एटिन येतो. हब नुसता साफ करून ठेवला तरी काही वेळाने नवे एटिन प्रकट होतात. त्यामुळे वाट चुकलेल्या माणसाला सोबत मिळते आणि तो किती वेळ चुकला आहे याचा अंदाजही येतो.

कळांखेरीज पोचवायच्या वस्तूही आहेत: यॉरिकची कवटी, घड्याळाची दातेरी चाके, रत्नांचे ग्रह, जुने ग्रंथ. प्रत्येक वस्तू योग्य जागी नेऊन द्यावी लागते. कवटी चुकीच्या पुतळ्यासमोर कितीही वेळ धरली तरी पुतळा ओळख दाखवत नाही.

राक्षसांचे प्रकार मोजके आहेत. एटिन जवळ येऊन हाणतो. आफ्रीत उडत उडत आग फेकतो. अश्वमानव ढालीआड दडतो आणि ढाल पुढे असेपर्यंत त्याला काही होत नाही. पाणी ओलांडायला पाय टाकला की त्यातले स्टॉकर वर येतात. अखेरच्या हबमध्ये, नेक्रोपोलिसच्या थडग्यांत, त्या तिन्ही पक्षांतरित प्रमुखांशी गाठ पडते. त्यांच्याकडे चौथे हत्यार आधीपासूनच जोडलेले असते. वरच्या पदावर असण्याचा तेवढा फायदा. त्यानंतर सहा हातांचा कोरॅक्स.

तांत्रिकदृष्ट्या 'हेक्सन'ने 'डूम'च्या इंजिनात पुष्कळ भर घातली. नायकाला उडी मारता येऊ लागली. दारे वर सरकण्याऐवजी बिजागरीवर फिरू लागली. धुके पसरले, जमीन हादरू लागली, झाडांची पाने गळू लागली. सर्वांत मोठी भर म्हणजे एसीएस ही स्क्रिप्ट-भाषा. तिच्यामुळे एका कृतीचा परिणाम दुसरीकडे, उशिरा आणि अटींसह घडवून आणता आला. पुढे चाहत्यांनी याच भाषेत असंख्य नवे नकाशे रचले. दूरच्या लेव्हलमध्ये गुपचूप उघडणाऱ्या दाराची जननीही तीच आहे, ही बाब तिच्या गौरवलेखांत सहसा येत नाही.

कळ सापडत नसली की चीट कोड आठवणे स्वाभाविक आहे. रेव्हनने याची कल्पना आधीच केली होती. 'डूम'मध्ये अमर करणारा कोड 'हेरेटिक'मध्ये टाइप केला तर नायक जागीच मरतो आणि सगळी हत्यारे देणारा कोड हातातली हत्यारे काढून घेतो. 'हेक्सन'ने स्वतःचे कोड ठेवले. 'बुचर' लिहिले की लेव्हलमधले सगळे राक्षस मरतात, 'शेरलॉक' लिहिले की कोड्यांच्या सर्व वस्तू हातात येतात. कळ कुठे आहे हे सांगणारा कोड मात्र त्यांत नाही.

१९९६ मध्ये 'डेथकिंग्ज ऑफ द डार्क सिटाडेल' ही पुरवणी आली. १९९७ मध्ये 'क्वेक' या गेमच्या इंजिनावर 'हेक्सन २' आला. त्यात निवडायला नायकांचे चार वर्ग होते आणि लढून मिळणारा अनुभवही होता, म्हणजे नायक अखेर शहाणा होऊ लागला. तिसरा सर्पस्वार आयडोलॉन त्यात मारला गेला आणि भावकी संपली. कळा राहिल्या.

मूळ 'हेक्सन' आज खेळणे सोपे आहे. त्याचा सोर्स कोड १९९९ मध्ये खुला झाला आणि २००८ मध्ये जीपीएल परवान्याखाली आला. त्यामुळे जीझेडडूम, डूम्सडे यांसारख्या प्रोग्रॅमांवर तो आजच्या संगणकावर, रुंद पडद्यावर, माउसने नीट चालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओज आणि आयडी यांनी 'हेरेटिक' आणि 'हेक्सन' यांची एकत्र नवी आवृत्ती काढली. तिच्यात नकाशावर मार्गदर्शक खुणांची सोय झाली. भिंत चाचपण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या पिढीने हा बदल नव्या पिढीचे लाड म्हणून नापसंत केला तरी खुणा पाहून घेण्यास हरकत नसावी. याच आवृत्तीत 'व्हेस्टिजेस ऑफ ग्रँजर' नावाचा अगदी नवा भागही आहे. त्यातल्या कळांच्या जागा कोणालाच आधीपासून ठाऊक नसल्यामुळे तिथे जुने टायटन आणि नवे उमेदवार सारख्याच अज्ञानाने भिंती दाबत फिरू शकतात.