नापासांची यादी मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
उन्हाळी फाउंडेशन बॅच (आठवीतून नववीत जाणाऱ्यांसाठी),
भोर.

विषय : आपल्या प्रवेश चाचणीत नापास झालेल्या मुलांची नावं मिळण्याबाबत.

महोदय,

एप्रिल उजाडला की भोरच्या चौपाटीपासून कापूरहोळ-नसरापूरच्या फाट्यापर्यंत आपले फ्लेक्स झळकू लागतात. क्लासचं नाव फ्लेक्सगणिक बदलतं, मजकूर मात्र एकच : नववीचा निम्मा पोर्शन मे महिन्यातच पूर्ण, दर रविवारी टेस्ट, जागा मर्यादित. खाली मागच्या बॅचमधल्या मुलांचे पासपोर्ट फोटो आणि त्यांचे टक्के, आणि त्याच्याही खाली प्रवेश चाचणीची तारीख. बाकी मजकुराचं कौतुक करायला आपले पालक समर्थ आहेत. आम्हांला अभिनंदन करायचं आहे ते त्या शेवटच्या ओळीचं. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत आठवी झालेल्या कोणत्या मुलाला भागाकार येतो आणि कोणाला येत नाही, हे सुट्टी लागण्याआधी एका सकाळीत शोधून काढणं हे काही लहानसहान काम नव्हे. सरकारी यंत्रणेला त्यासाठी परिपत्रक, प्रपत्र आणि तीन स्मरणपत्रं लागतात. आपण ते दोन झेरॉक्स कागदांत उरकता. मग ज्याला येतं त्याला आत घेता आणि ज्याला येत नाही त्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून घरी पाठवता. आपण घरी पाठवलेल्या त्या मुलांविषयीच हे पत्र आहे.

एक उदाहरण घेऊ. ८१६ भागिले ८. आठ एके आठ. मग १ खाली घेतला, त्याला भाग जात नाही, म्हणून ६ सुद्धा खाली घेतला. आठ दुणे सोळा. उत्तर १२. भाग जात नाही तिथे वर शून्य द्यायचं असतं, ते राहिलं, आणि १०२ चे १२ झाले. पाढा बरोबर, वजाबाकी बरोबर, उत्तर चूक. चौथी-पाचवीत कोणीतरी शेजारी बसून ‘शून्य कुठंय?’ एवढंच विचारलं असतं तर तिथेच मिटलं असतं. आता आपण मे महिन्यात काय शिकवता ते पाहा. नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात संच आणि वास्तव संख्यांनंतर बहुपदी येतात. एक्सचा घन वजा १ ही बहुपदी सहगुणक रूपात लिहायची तर (१, ०, ०, -१) अशी लिहावी लागते. जो घात नाही त्याच्या जागी शून्य मांडायचं, नाहीतर पुढची सगळी मांडणी ढासळते. चौथीत हरवलेलं शून्य ते हेच. ज्या मुलाला ते तेव्हा कोणी दाखवलं नाही, त्याला आता चार नवे शब्द आणि तोच जुना खड्डा मिळतो. आपल्या बॅचमध्ये असा मुलगा नसतो हे आम्हांला माहीत आहे. तो नसावा म्हणूनच तर चाचणी.

नववीची भीती खोटी आहे, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. त्या बाबतीत आपला फ्लेक्स बरोबर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असं ठरवलं. त्यामागचा हेतू चांगला होता : मूल नापास करून सुधारत नाही, शिकवून सुधारतं. त्यातलं नापास न करणं पाळलं गेलं, शिकवण्याचा भाग ज्याच्या त्याच्या नशिबावर राहिला. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला, २०२३ मध्ये राज्याने नियम केले, आणि आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिलं तर पूरक मार्गदर्शन, पुनर्परीक्षा, आणि तिथेही राहिलं तर तोच वर्ग पुन्हा. तरीही खरी चाळण नववीतच लागते. दहावीचा निकाल शाळेच्या दारावर लागतो, नववीचा कुठेच लागत नाही. त्यामुळे जे पोर दहावीत निकाल खाली ओढेल त्याला नववीत थांबवायचं आणि पालकांना हळूच बाहेरून दहावीला बसण्याच्या सतरा नंबरच्या फॉर्मचा रस्ता दाखवायचा, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. आणि ही गोष्ट दोन-चार पोरांची नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीने २०२३ मध्ये देशभरातल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांना काय येतं ते तपासलं. त्यांतल्या साधारण चौथाई मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमलं ते ४३ टक्क्यांच्या आसपास मुलांना. म्हणजे वरचं ८१६ भागिले ८ आम्ही उगाच काढलेलं नाही. या हिशोबाने आपल्या चाचणीत गळणारी मुलं हा अपवाद नसून बहुमत आहे. धंद्याच्या दृष्टीनेही गिऱ्हाईक तिकडेच जास्त दिसतं, पण ते आपल्याला आम्ही काय सांगावं.

या गळालेल्या मुलांना आम्हांला मे महिन्यात मागचं राहिलेलं शिकवायचं आहे. आता महिनाभरात असं काय होणार, हा प्रश्न. वर्षानुवर्षं साचलेलं मे महिन्यात कसं निघणार? याचं उत्तर बिहारमधून आलेलं आहे. २००८ च्या जूनमध्ये तिथे सरकारी शाळांतल्याच शिक्षकांनी ‘प्रथम’ संस्थेच्या पद्धतीने महिनाभराची उन्हाळी शिबिरं घेतली. मुलं तिसरी ते पाचवीची, मागे पडलेली. इयत्तेप्रमाणे बसवायचं सोडून कोणाला काय येतं त्याप्रमाणे गट केले आणि तेवढंच शिकवलं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियंत्रित चाचणी करून हे तपासलं : एका महिन्यात वाचन आणि गणित दोन्ही सुधारलं. यापुढची गोष्ट आपण विशेष लक्ष देऊन वाचावी. तीच पद्धत, तेच साहित्य, तशाच शिक्षकांना वर्षभर शाळेच्या वेळात वापरायला दिलं, तेव्हा जवळजवळ काही हाती लागलं नाही. शिक्षक तसेच, मुलं तशीच. मोठा फरक हा की शाळेत पोर्शन होता. तो संपवायचा म्हणजे मागच्यांना मागे सोडूनच पुढे जायचं, आणि शिक्षकांनी तेच केलं. उन्हाळ्यात पोर्शन नव्हता, म्हणून शिकवणं झालं. वर्षाच्या बारा महिन्यांत पोर्शन नसलेला असा एक महिना असतो, आणि महोदय, आपण फ्लेक्स लावून त्या महिन्यातही पोर्शन आणलात.

बिहारमधली मुलं लहान होती, आमची आठवीची आहेत, अशी शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे. चौदा वर्षांच्या मुलासमोर चौथीचं पुस्तक ठेवलं तर तो दुसऱ्या दिवशी फिरकणार नाही. म्हणून पुस्तक ठेवायचंच नाही. दूध डेअरीची पंधरवड्याची पावती, खताच्या पोत्यावरचा मजकूर, नसरापूर फाट्यावर गाडी चुकली तर पुढची किती वेळाने याचा हिशोब : एवढ्यात भागाकार, टक्केवारी आणि वाचन तिन्ही येतात. ‘असर’च्या त्याच पाहणीत मुलांना ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचायला दिल्या होत्या. अशा कागदाची चौदा वर्षांच्या मुलाला लाज वाटत नाही. उलट घरात ते वाचून दाखवणारा तोच असतो.

दुसरी शंका आपण स्वतःच घ्याल : वर्ग उघडा ठेवला तरी ही मुलं येतच नाहीत. खरं आहे. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावोगावी स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले. जी मुलं आली ती सुधारली, पण आली फारच थोडी. आमच्याकडे का येत नाहीत, हे मात्र नकाशा आणि मे महिना एकत्र पाहिला की कळतं. भाटघर आणि नीरा देवघरच्या पाण्यामागे, हिरडस मावळात, वरंधा घाटाच्या अंगाला जी गावं आहेत, तिथून भोरला सकाळी आठच्या बॅचला पोचायचं तर पहाटेची गाडी हवी. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण तो शाळेसाठी, आपल्या फाउंडेशनसाठी नव्हे. वेल्हे (ज्याला राजगड म्हणायचं असं मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये ठरवलं) इथली कथा आणखी वेगळी. २०११ च्या जनगणनेत या अख्ख्या तालुक्याची वस्ती साधारण ५४ हजार होती, आणि तीही तोरणा-राजगडाच्या खोऱ्याखोऱ्यांत विखुरलेली. पानशेतकडच्या मुलाच्या तालुक्याला भोर तालुका लागून आहे खरा, पण फक्त कागदावर. मध्ये डोंगर आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची कल्पना सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यभर फिरली, तेव्हा नमुना म्हणून तोरणमाळच्या जोडीला याच पानशेतचं नाव होतं. त्या कल्पनेवर पुष्कळ टीका झाली आणि तिच्यातली बरीच योग्य होती. पण मुलांना आणायचं तर गाडी द्यावी लागते, एवढं तरी तिने गृहीत धरलं होतं. आपला फ्लेक्स फक्त ‘मर्यादित जागा’ म्हणतो.

शिवाय मे महिन्यात या मुलांना सुट्टी असते हा समज भोरच्या बाजारपेठेतला आहे. भातखाचरात राब भाजायचा असतो. त्यासाठी शेण, पालापाचोळा, फांद्या डोक्यावरून आणून पसरायच्या असतात. पावसाआधी जळण आत घ्यायचं असतं. लग्नं आणि जत्रा याच महिन्यात. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर असतात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कामं शिकावीत असं म्हटलं आहे. वेल्ह्यातलं पोर हा अभ्यासक्रम धोरण येण्याच्या कितीतरी आधीपासून दरवर्षी पूर्ण करतं, फक्त त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून वर्ग भोरला आणि सकाळी आठला असून चालणार नाही. तो गावच्या शाळेच्या ओसरीवर, दुपारच्या उन्हात जेव्हा शेतातलं काम थांबतं तेव्हा, दोन तास असायला हवा. बिहारमधल्या शिक्षकांना त्या महिन्याचे वेगळे पैसे मिळाले होते, इथेही द्यावेत. शिक्षकांची सुट्टी फुकटात काढून घ्यावी असं आमचं म्हणणं नाही, निवडणूक आणि सर्वेक्षणांनी ती आधीच कुरतडलेली आहे.

पालकांचं काय, असं आपण विचाराल. पालकांनाच ही बॅच हवी आहे. पुण्यातली मुलं पाचवीपासून क्लासला जातात, आपली मागे राहायला नकोत. आणि घरी बसून मोबाइल बघण्यापेक्षा बरं. यातलं शेवटचं आम्ही बिनशर्त मान्य करतो. बाकीच्याबद्दल एवढंच, की ज्याला आठवीचं नीट येतं त्याला जूनमध्ये शाळा नववी शिकवणारच आहे. त्याने मेमध्ये एकदा आणि जूनपासून पुन्हा एकदा तेच ऐकलं तर तो शहाणा होण्यापेक्षा वर्गात कंटाळण्याचीच शक्यता अधिक. पालक पैसे मोजतात ते भीतीपोटी, आणि भीतीला पावती दिली की ती थोडी शमते हे खरं. सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, या भीतीचाही हल्ली बराच बोलबाला आहे. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून सुट्टीत साधारण महिन्याभराचं शिक्षण वाहून जातं असं म्हटलं. पुढे त्या मोजणीवरच शंका घेतल्या गेल्या. आमच्या वादाला त्याची गरज नाही. जे कधी आलंच नव्हतं ते सुट्टीत विसरलं जात नाही.

राहता राहिला कायदा. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या : कोचिंग सेंटरने १६ वर्षांखालच्या मुलाला घेऊ नये, प्रवेश दहावीनंतरच द्यावा. घाबरू नका, आम्ही तक्रार करणार नाही. पन्नासहून अधिक विद्यार्थी असतील तरच कोचिंग सेंटर, अशी त्यातच व्याख्या आहे, आणि आपल्या ‘मर्यादित जागां’चं रहस्य तिथे नसेलच असं नाही. बंदीने तसंही काय साधणार? फ्लेक्स उतरेल, ‘पर्सनल गाइडन्स’ सुरू होईल, आणि ८१६ भागिले ८ बाराच राहील.

तेव्हा विनंती एवढीच. आपल्याला हवी ती मुलं आपण खुशाल ठेवा. बाकीची आम्हांला द्या. यादीत नाव, गाव आणि त्या गावाला शेवटची गाडी किती वाजता, एवढं असावं. शक्य तर सोबत त्यांचे पेपरही द्यावेत, कारण गुणांचा आम्हांला उपयोग नाही, चुकांचा आहे : शून्य गाळणारे एका गटात, हातचा विसरणारे दुसऱ्या, आणि प्रश्नच वाचता न आलेले तिसऱ्या. हे गट पाडण्याचं निम्मं काम आपल्या चाचणीने आधीच केलेलं आहे. त्याचं काही मानधन होत असल्यास पंचायत समितीकडे बिल सादर करावं. नापासांच्या पेपरला काय दर लावावा हे आपल्याइतकं कोणाला कळणार. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, आणि राब भाजून झाल्याशिवाय मुलं मोकळी होत नाहीत. मध्ये वेळ थोडाच उरतो, म्हणून यादी उशिरात उशिरा १ मेपर्यंत मिळावी.

कळावे,
आपल्या फ्लेक्सचा नियमित वाचक