समुद्राचा हप्ता

कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या माणसाबरोबर तीर्थयात्रेला जाऊ नये. तो देवाकडेही तारण मागतो. आमच्या भावोजींनी हयातभर बँकेत कर्जं मंजूर केली, म्हणजे बहुतेक नामंजूरच केली. त्यात ते मूळचे देवगडचे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही, आणि जी गोष्ट खरी निघते ती देवगडात आधीपासून असते.

केरळच्या बॅकवॉटरला जायचं ठरलं तेव्हा घरात तीन याद्या तयार झाल्या. ताईची देवळांची, आमच्या हिची फोटोंच्या जागांची आणि भावोजींची खर्चाची. पहिल्या दोन याद्या प्रवासात हरवल्या. तिसरी अजून शाबूत आहे.

अलप्पुळा, म्हणजे जुन्या लोकांचं अलेप्पी, वेंबनाड सरोवराच्या काठाशी आहे. हे भारतातलं सर्वात लांब सरोवर. तीन जिल्ह्यांत पसरलेलं, कालव्यांच्या फाट्यांनी गावागावात शिरलेलं. शाळेत जायला होडी, बाजाराला होडी आणि एसटीच्या जागी सरकारी बोट. माडांची रांग, लाल कौलं, काठावर धुणं धुणाऱ्या बायका. आम्ही माना वळवून वळवून बघत होतो. भावोजी म्हणाले, "ह्यात काय नवीन? ह्यां सगळां आमच्या देवगडात आसा. त्यासाठी विमानाचं तिकीट?"

हाउसबोट पाहिल्यावर मात्र त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. मूळची ही बोट म्हणजे केट्टुवळ्ळम, भात आणि मसाले वाहणारी मालवाहू नाव. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या, वरून काजूच्या टरफलांचं काळं तेल चोपडायचं आणि खिळा एकही मारायचा नाही. रस्ते आणि ट्रक आल्यावर या नावांचा धंदा बसला, तेव्हा कोणीतरी त्यांच्यावर बांबूचं छप्पर, पलंग आणि एसी चढवला. भावोजी बोटीच्या पोटात वाकून बराच वेळ खिळा शोधत होते. तो सापडला नाही, तसे चिंतेत पडले. "खिळा नाही, तर हिचा विमा कशावर उतरवतात?"

बोटीचा वेग असा, की आमच्या मागून निघालेली बदकं आमच्या पुढे पोहोचली. इथे बदकांचे मोठे कळप पाळतात. लहान होडीतला गुराखी लांब काठीने त्यांना कालव्यातून हाकत नेतो, आणि तीही रहदारीचे नियम पाळल्यासारखी डाव्या बाजूने जातात. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोट काठाला बांधली. रात्री पाणी कोळ्यांच्या जाळ्यांचं, पाहुण्यांच्या बोटींना तिथे मज्जाव. भावोजींनी नोंद केली : "रात्री बोट चालत नाही, भाडं चालतं." जेवणात केळीच्या पानात भाजलेला करिमीन आला. भावोजींनी तो काटा न काटा वेगळा करून तपासला आणि निकाल दिला, "हा आमचा कालुंदर." मग दुसरा मागवला. खात्री करायला.

दुसऱ्या दिवशी अंबलप्पुळाचं श्रीकृष्ण मंदिर. केरळातल्या देवळात पुरुषांनी सदरा आणि बनियन दोन्ही उतरवायचं. भावोजींनी निवृत्तीनंतरची सगळी शिल्लक पोटावरच जमा केलेली असल्याने ती अशी जाहीर करताना ते जरा लाजले. पण रांगेत पुढे एक वकीलसाहेब, मागे एक ठेकेदार, दोघांचीही शिल्लक उघडी. कुणाचं घड्याळ भारी हे कळत होतं, पण खिसा कुणालाच नव्हता.

या देवळाची कथा ऐकल्यावर भावोजींची लाज पळाली, कारण ती कर्जाची होती. इथल्या राजाला बुद्धिबळाचं वेड. एक साधू आला, डाव लागला आणि साधूने बक्षीस मागितलं ते तांदळाचं : पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत 64 घरं. राजा हसला. दहाव्या घरात 512 दाणे झाले, तेव्हाही हसत होता. विसाव्या घरात 5,24,288 झाले. 64 घरांची बेरीज होते 1,84,46,74,40,73,70,95,51,615 दाणे, म्हणजे कोठारच काय, राज्य विकूनही भागणार नाही. साधू म्हणजे खुद्द कृष्ण. तो म्हणाला, एकदम नको, सवडीने फेड; देवळात येणाऱ्यांना पायस दे. तेव्हापासून इथे रोज दूध, तांदूळ आणि साखरेचं पालपायसम शिजतं.

"व्याजदर काय होता?" भावोजींनी विचारलं.

"अहो, देवळात आहोत," ताई म्हणाली.

"म्हणूनच विचारतोय. मुद्दल आवाक्याबाहेरचं, पण हप्ता एकही चुकलेला नाही. असं खातं आमच्या शाखेत असतं तर मी मॅनेजरच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलं असतं."

पायस गुलाबीसर, तासन्‌तास आटवलेलं. टिपूच्या स्वारीच्या काळात गुरुवायूरची कृष्णमूर्ती इथे आणून ठेवली होती, आणि नैवेद्याच्या वेळी तो कृष्ण अजूनही रोज इथे येतो अशी श्रद्धा आहे. चव घेतल्यावर त्याचं कारण विचारावं लागत नाही. भावोजी राजाचं कर्ज कमी व्हावं म्हणून तीनदा रांगेत उभे राहिले.

तिथून दक्षिणेला हरिपाडजवळ मन्नारशालाचं नागमंदिर. गर्द राई आणि तिच्यात वाटांच्या दोन्ही कडांना नागांच्या हजारो दगडी मूर्ती. इथली मुख्य पूजा करतात त्या पुजारी घराण्यातल्या ज्येष्ठ स्त्री, 'अम्मा'. मूल हवं असलेली जोडपी इथे काशाचं एक पातेलं, उरुळी, पालथं घालून जातात. मूल झालं की परत येऊन ते सुलटं करायचं. भावोजी एवढंच म्हणाले, "तारण ठेवलं, फेड झाली, तारण सोडवलं. कागदपत्रं चोख."

पण खरी गंमत पुढे होती. गाईड सांगत होता, परशुरामाने परशू फेकून समुद्र मागे हटवला आणि केरळ निर्माण केलं...

"थांब," भावोजी ओरडले. "परशुराम आमचो! चिपळूणला जा. समुद्र बाण मारून हटवला आणि कोकण केलं."

गाईड शांतपणे म्हणाला, इकडे जमीन वर आली ती खारट होती, काही पिकेना. मग परशुरामाने नागराजाला विनवलं, नागांनी विषाने तिचा खारेपणा जाळला, आणि म्हणून ही राई. भावोजींनी क्षणभर विचार केला. एकाच अर्जदाराने दोन शाखांतून जमीन उचलली होती, आणि दोन्हीकडे सावकार समुद्रच.

चंपाकुळमचं सेंट मेरी चर्च इसवी सन 427 मध्ये स्थापन झाल्याचं मानतात. पण आम्हाला तिथे नेलं ते कृष्णाच्याच गोष्टीने. अंबलप्पुळाला बसवायची मूर्ती जलमार्गाने आणताना उशीर झाला, तेव्हा चंपाकुळमच्या एका ख्रिस्ती घरात तिचा रात्रीचा मुक्काम झाला, असं सांगतात. त्या प्रवासाच्या आठवणीत मिथुनम महिन्यात मूळ नक्षत्रावर इथे सापासारख्या लांबलचक नावांची शर्यत होते. "केवायसी न घेता मुक्काम?" भावोजी म्हणाले. त्याहून त्यांना भावलं ते अलप्पुळाच्या उत्तरेचं अर्थुंकल. शबरीमलाहून परतणारे कितीतरी अय्यप्पाभक्त व्रताची माळ तिथल्या सेंट सेबॅस्टियनपुढे, चर्चमध्ये उतरवतात. "एका शाखेत उघडलेलं खातं दुसऱ्या शाखेत बंद करता येतं," ते म्हणाले. "आम्हाला संगणक आल्यावर हे जमलं."

यादीत नसलेलं ठिकाण शेवटी बोटीनेच दाखवलं. कालव्यातून जाताना मी काठापलीकडे पाहिलं, तर भाताचं शेत आमच्या पायांच्याही खाली. पाणी वर, शेत खाली आणि मधे जेमतेम माणूस चालेल एवढा मातीचा बांध. हे कुट्टनाड. इथली शेतं समुद्रसपाटीखाली सव्वा ते तीन मीटरपर्यंत आहेत. माडाच्या खोडांचे खुंट तळात ठोकून, सरोवराच्याच तळाचा चिखल उपसून बांध घातले आणि आतलं पाणी काढून जमीन केली. पूर्वी ते पायांनी चक्रं फिरवून काढत, आता पंप लावतात. पावसाळ्यात पाणी पुन्हा आत येतं. पावसाळा सरला की पुन्हा उपसा, पुन्हा पेरणी. 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने या शेतीला जागतिक महत्त्वाचा वारसा म्हटलं. 2018 च्या महापुरात पाण्याने बांध-बिंध न बघता सगळीच वसुली केली.

उत्तरेला तण्णीरमुक्कमचा बंधारा आहे. उन्हाळ्यात त्याची दारं लावून खारं पाणी अडवतात. भात वाचतं, पण मासे अडतात आणि जलपर्णी माजते. त्यामुळे शेतकऱ्याला दारं बंद हवीत आणि कोळ्याला उघडी. नागांनी एकदा विष ओतून मिटवलेला प्रश्न आता दरवर्षी बैठकीला येतो.

बांधावर एक म्हातारा शेतकरी पंपाशी बसला होता. आमच्या बोटीच्या सारंगाने दुभाष्याचं काम केलं.

"दरवर्षी पाणी काढता?"

"दरवर्षी."

"बांध फुटला तर?"

"पुन्हा घालायचा."

"आणि पुन्हा फुटला तर?"

म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही असं वाटून सारंगाने तो परत विचारला. म्हाताऱ्याने तेच उत्तर दिलं, फक्त जरा मोठ्याने.

बोट सुटली. भावोजींनी खर्चाची वही काढली, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "परशुरामाने एकदाच समुद्र हटवला आणि निघून गेला. त्याचे हप्ते ही माणसं भरतायत. ह्याला मी कर्ज दिलं असतं."

"तुम्ही?" ताई दचकली. "सख्ख्या भावाला स्कूटरसाठी दिलं नव्हतंत!"

"भावाची चिकाटी नव्हती."

"पण भावोजी," मी म्हटलं, "जमीन पाण्याखाली. तारण काय घेणार?"

"तारण नाही, तर जामीनदार लागेल." त्यांनी वही मिटली. "परशुराम चालतलो. पण सही चिपळूणच्याची व्हयी."