तोफांना जमलं नाही ते टपालखात्यानं केलं

शहराचं नाव बदलायला फौज लागते, असा एक गोड गैरसमज आहे. सुलतान दुसरा मेहमत 1453 साली कॉन्स्टँटिनोपल जिंकून आत शिरला, तरी उस्मानी नाण्यांवर पुढे शतकानुशतकं ‘कोस्टंटिनिये’ उमटतच राहिलं. बाजारातली माणसं केव्हाची इस्तंबूल म्हणत होती. टाकसाळीला कुणी कळवलं नसावं. अखेर 1930 साली अतातुर्कच्या राजवटीत टपालखात्यानं परदेशी मंडळींना तंबी दिली : पाकिटावर इस्तंबूल लिहा, नाहीतर पत्र पोचणार नाही. पावणेपाचशे वर्षांचा घोळ पोस्टमननं निस्तरला.

अमेरिकेनं मात्र त्यावर गाणं केलं. 1953 साली, म्हणजे मेहमतच्या विजयाला बरोबर 500 वर्षं होत असताना, जिमी केनेडीचे शब्द आणि नॅट सायमनची चाल घेऊन ‘इस्तंबूल (नॉट कॉन्स्टँटिनोपल)’ आलं आणि तुफान चाललं. गाण्यात न्यूयॉर्कच्याही जुन्या नावाची, न्यू अ‍ॅमस्टरडॅमची, आठवण काढली आहे. तीही अर्धवटच. इंग्रजांनी 1664 साली न्यूयॉर्क केलं, डचांनी 1673 साली शहर परत घेऊन न्यू ऑरेंज केलं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा न्यूयॉर्क झालं. एवढं सगळं चालीत बसवायचं म्हणजे गवयाचा दम लागला असता. गंमत म्हणजे ते गाणारे ‘द फोर लॅड्स’ टोरांटोचे, आणि टोरांटो 1834 पर्यंत होतं यॉर्क! त्याबद्दल गाण्यात अवाक्षर नाही. दुसऱ्याच्या बारशाला घुगऱ्या खाणं केव्हाही सोपं.

1990 साली ‘दे माइट बी जायंट्स’ या बँडनं ते पुन्हा गाजवलं. कझाकस्तानच्या राजधानीवर असं गाणं करण्याचं धाडस मात्र कुणी करू नये. 2019 साली अस्तानाचं नूर-सुलतान झालं, 2022 साली पुन्हा अस्ताना. ध्वनिमुद्रण होईतो ध्रुवपद शिळं. त्याच 2022 साली खुद्द तुर्कस्ताननंही संयुक्त राष्ट्रांत आपलं नाव ‘तुर्किये’ लिहून घेतलं.

आपल्याकडे तरी काय वेगळं? मराठी माणूस पिढ्यानपिढ्या मुंबईच म्हणत होता. सरकारी कागदाला ते 1995 साली पटलं. हायकोर्टाच्या दारात तर कागदही अडला. हायकोर्टाचं नाव बदलायला संसदेचा कायदा लागतो. 2016 साली लोकसभेत विधेयक आलं, पण ते मंजूर झालं नाही. मुंबईकराला दाद मागायची तर आजही ‘बॉम्बे’ हायकोर्टातच जावं लागतं.