ओहोटीचा मुहूर्त

केळशीच्या वाळूच्या टेकडीपासून निघावे, उटंबरच्या पायथ्याची खडपे ओलांडून आडे गाठावे, तेथून पाडले, आंजर्ले, हर्णै अशी समुद्राची सोबत न सोडता मजल मारीत दिवेलागणीच्या आत मुरुडास दाखल व्हावे, असा एका दिवसाचा पायी प्रवास मी योजिला आहे. आणि ही वार्ता ज्याच्या कानी अद्याप पोहोचलेली नाही असा परिचित गृहस्थ पुण्यात शोधून काढणे कठीण आहे. चालणे व्हायचे आहे, परंतु चालणाऱ्याची प्रतिष्ठा मी आगाऊ उचलू लागलो आहे. कचेरीतील मंडळी माझ्या पोटऱ्यांकडे आदराने पाहतात असा मला भास होतो, आणि जिना चढताना दम लागलाच तर मी मध्ये थांबून खिशातला नकाशा उलगडतो, म्हणजे धापेचे चिंतनात रूपांतर होते.

सिद्धतेत मी कसूर केलेली नाही. मोहिमेचा रीतसर मसुदा तयार असून त्यात सामानाची याद, पाण्याचा बंदोबस्त आणि आकस्मिक आपत्तींची तजवीज अशी स्वतंत्र कलमे आहेत. भाषा अशी योजिली आहे की, एक उतारवयाकडे झुकलेला कारकून फिरावयास निघाला नसून अटकेपार फौज कूच करीत आहे, असे वाचणाऱ्यास वाटावे. सर्वाधिक शाई खर्ची पडली ती पादत्राणांच्या कलमावर. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडपांना कालवे चिकटलेली असतात. आतला जीव कोणी फोडून नेला तरी खालची शिंप दगडालाच राहते, आणि तिची कड अशी धारदार असते की, शेवाळावरून पाय घसरून तळहात टेकला तर रक्त आधी दिसते आणि वेदना मागाहून येते. म्हणून जाड तळव्याचे बूट घ्यावेत, असे ठरले. पुढे पुळण लागताच त्याच बुटांत वाळू शिरते, म्हणून वहाणाही घ्याव्यात, असेही ठरले. खाडीकाठच्या चिखलात बूट आणि वहाणा दोन्ही रुतून बसतात, सबब तेथे अनवाणी जावे, असे तिसरे पोटकलम जोडावे लागले. तात्पर्य, जे पाय मला जन्मतः मिळाले होते त्यांच्यापर्यंत मी बऱ्याच विचारविनिमयानंतर येऊन पोहोचलो.

पण या मोहिमेची खरी सूत्रे समुद्राच्या हाती, आणि समुद्राच्या वेळापत्रकावर मी बोलू लागलो की मला आवरण्याचा नाद घरच्यांनीही सोडला आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आमच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, आणि मध्ये बाराला ओहोटी. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोड्याफार मिनिटांची तूट-वाढ राहते, पण ती चंद्राने सोसावी. हिशेब आमचा चोख आहे. पावकी, निमकी, पाऊणकी यांची उजळणी शाळांतून ज्या दिवशी हद्दपार झाली, त्या दिवशी शिक्षणखात्याने नकळत अख्खा अरबी समुद्रच अभ्यासक्रमातून काढून टाकला, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी विचारले नसतानाही देतो. लग्नपत्रिका हाती पडली की वधूवरांची नावे वाचण्यापूर्वी मी तिथी पाहतो, आणि अक्षता पडण्याच्या घटकेस मुरुडला पाणी कुठवर आलेले असेल ते यजमानांस सांगून टाकतो. यजमान बहुधा नागपूरकडचे असतात. ते घाबरून हो म्हणतात.

आणि गंमत अशी की, हा हिशेब जितका पाठ करावा तितका समुद्राचा खोडसाळपणा अधिक स्पष्ट होतो. अमावास्या-पौर्णिमेस सूर्यचंद्राची ओढ एका रेषेत येऊन उधाण होते. त्या दिवशी पाणी जसे चढते तसेच ओसरतेही दूरवर, आणि एरवी कधी न दिसणारी खडपे मोकळी होतात. परंतु भरती बाराच्या आगेमागे, म्हणजे ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. चालणारा डोळे चोळीत बाहेर पडतो तो पाणी परत फिरलेले असते. उलट अष्टमीस ओहोटी ऐन दुपारी, भरपूर उजेडात. पण तेव्हा भांग असतो, सूर्य एकीकडे ओढतो आणि चंद्र काटकोनात दुसरीकडे, आणि पाणी नाखुशीने चार हात मागे सरून पुन्हा पुढे येते. म्हणजे वाट मोकळी होते तेव्हा उजेड नाही, आणि उजेड असतो तेव्हा वाट मोकळी नाही. हे एखाद्या पंधरवड्यात चुकून घडते असेही नाही. आमच्या किनाऱ्यावर ही अनंत काळची वहिवाट आहे, आणि तिच्याविरुद्ध अपील कोठे करावे ते मला सापडलेले नाही. पुळणीवरून चालण्याचे सुख ओल्या, घट्ट वाळूतच. भरतीने वर रेटले की सुरूच्या बनाखालची भुसभुशीत वाळू उरते, आणि तीत माणूस पुढे कमी आणि खाली अधिक जातो.

शेवटी मी सुवर्णमध्य काढला तो चतुर्थीचा. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. उधाणाचा जोर अजून पुरता उतरलेला नाही आणि भांग अजून लागलेला नाही, अशा संधीत उटंबरखालची खडपे पार करायची. शुद्ध चतुर्थी रविवारी येईना, वद्य चतुर्थी आली. समुद्र, चंद्र आणि कचेरी या तिन्ही सत्तांची संमती मिळवून मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा सौभाग्यवतींनी दिनदर्शिकेकडे न पाहताच विचारले, "अहो, मग संकष्टीचं काय?"

शिदोरीचे कलम नव्याने लिहावे लागले. दशम्या आणि लसणीची चटणी रद्द; त्यांच्या जागी राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि केळी. वाटेत आंजर्ल्यास कड्यावरचा गणपती आहे, तेव्हा दर्शनाचे पुण्य पदरात पडेल. पण उपास सुटायचा चंद्रोदयानंतर, आणि वद्य चतुर्थीचा चंद्र रात्र बरीच चढल्याखेरीज तोंड दाखवीत नाही. ज्याच्या तिथीवर मी इतकी प्रतिष्ठा मिरवली, त्यानेच मला दिवसभर उपाशी चालवायचे ठरविले.

मसुद्याच्या अखेरीस मुरूड हे नाव लिहिताना मात्र लेखणी थोडी अडखळते. धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले ते या गावी. परीक्षेस बसण्यासाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर भर पावसात, कुंभार्लीचा घाट चढून, पायी साताऱ्यास गेला. आणि तेथे गेल्यावर, हा सतरा वर्षांचा दिसत नाही, या कारणास्तव त्यास परीक्षेला बसू दिले गेले नाही. १८५८ साली जन्मलेला तो मुलगा पुढे १९६२ पर्यंत जगला, शंभरी ओलांडून. पण मला आठवतो तो साताऱ्याच्या त्या मेजासमोर भिजक्या कपड्यांनी उभा असलेला किरकोळ अंगाचा पोरगा. त्याच्यापाशी पादत्राणांचे कलम नव्हते. चालण्यात काही पराक्रम आहे, ही कल्पनाही त्याला शिवली नसेल. पलीकडे जे हवे होते तिथवर जायला दुसरा मार्ग नव्हता, इतकेच.

आणि त्याच मुरुडच्या पुळणीवर आज सुटीचे पाहुणे मोटारी उतरवतात. माडांपासून लाटांपर्यंतचे अंतर पायी तोडावे लागू नये म्हणून. थंडीच्या रात्री या किनाऱ्यांवर कासविणी येतात, मागच्या पायांनी वाळू उकरून अंडी घालतात, वर वाळू लोटून खड्डा बेमालूम बुजवतात आणि पाण्यात परततात. गावोगावची माणसे पहाटे उठून ती घरटी शोधतात आणि जाळीच्या कुंपणात सांभाळतात, आणि त्याच वाळूवर दिवसा कोणी हौसेने चाके गरगर फिरवीत वर्तुळे काढतो. येथे माझा विनोद संपतो. त्या माणसाचा मला संताप येतो, आणि त्याची मोटार ओल्या वाळूत रुतून भरतीच्या पाण्यात सापडली की, शेजारधर्म म्हणून धक्का मारावयास धावण्यापूर्वी, मी मनातल्या मनात तिथीची पाऊणपट करून घेतो. ती बरोबर आलेली असते. हा आनंद सात्त्विक नाही, हे मला कळते. तरी तो मी मसुद्यात अपेक्षित लाभांखाली नोंदविला आहे.

पूर्ण झालेला मसुदा काल मंजुरीसाठी सौभाग्यवतींच्या पुढे ठेवला. त्यांनी तो भाजी निवडता निवडता अथपासून इतिपर्यंत वाचला, आपत्तींच्या कलमापाशी किंचित हसल्या आणि समासात पेन्सिलीने शेरा मारून परत केला: "मी दुपारच्या एस.टी.ने मुरुडास पुढे होते. मोदक करून ठेवीन. चंद्रोदयापर्यंत थांबेन, मग मी जेवून घेईन. तुमचं ताट झाकलेलं असेल."