व्हिएन्नात निवांत नाताळ : आदिलाबादकरांसाठी मार्गदर्शिका

पुढील मार्गदर्शन आदिलाबाद, बेला, जैनथ, तामसी आणि एकूणच पेनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या सोयऱ्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे. या मार्गदर्शिकेत ‘निवांत’ म्हणजे ‘काहीही न करणे’ असा अर्थ धरला आहे. घरातल्या ज्येष्ठांना तो मान्य नसेल, तर पुढे वाचू नये. सरळ शिर्डी-शनिशिंगणापूर करून यावे.

पायरी पहिली : मोसम बघणे

नाताळ डिसेंबरात येतो आणि घरात कापूसही डिसेंबरातच येतो. तारीख ठरवताना आदिलाबादच्या कास्तकाराला कोणी विचारले नव्हते, हे उघड आहे. म्हणून तिकिटाआधी ओसरीतला ढीग बघावा. सीसीआय कापूस घेते तो ओलावा मोजून : 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, 12 टक्क्यांपर्यंत कपात, त्यावर गेला की गाडी परत. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव होता. ज्याचा कापूस अजून विकायचा आहे, तो माणूस कोणत्याही राजवाड्यासमोर उभा राहून यार्डातल्या ओळखीच्याला फोन लावणार. आपण तिकडच्यापेक्षा साडेचार तास पुढे आहोत. इथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा तिथे पहाटेचे साडेपाच असतात. त्या वेळी हॉटेलच्या खोलीत “ओलावा किती निघाला?” असे ओरडणाऱ्या माणसाबरोबर निवांत सुटी होत नाही.

पायरी दुसरी : शहर एकच निवडणे

टूरवाले नऊ दिवसांत सहा देश दाखवतात. घरच्यांना हे फायद्याचे वाटते, कारण दर देशी खर्च कमी पडतो. हा हिशेब मांडणाऱ्याला वहीसकट घरी ठेवावे.

लंडन नको. त्याला वेगळा व्हिसा लागतो आणि 25 डिसेंबरला तिथली मेट्रो बंद, बसही बंद. पॅरिसला जाऊन त्या दिवशी लूव्र संग्रहालयासमोर उभे राहिले तर दार बंद मिळते. व्हिएन्नात निदान मेट्रो आणि ट्राम चालू असतात. शिवाय व्हिएन्नाशी आपला जुना हिशेब बाकी आहे. 1909 साली त्या शहरात जन्मलेले क्रिस्तॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ 1940 च्या दशकात तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाईत येऊन राहिले, गोंडी शिकले, गोंडांवर ग्रंथ लिहिले. त्यांच्या पत्नी बेटी यांची समाधी आजही मारलवाईत आहे. व्हिएन्नाच्या माणसाने आपल्याकडे येऊन एका गावात मुक्काम ठोकला. आपण त्यांच्याकडे जाऊन एका शहरात आठ दिवस टिकू नये, ही गोष्ट जिल्ह्याला शोभत नाही.

पायरी तिसरी : कागदपत्रे

पासपोर्टसाठी आदिलाबादच्या पोस्टातल्या केंद्रात जावे. तिथे आपण एक नसून तीन माणसे आहोत, हे प्रथमच कळते. आधारवर आडनाव आधी, दहावीच्या मेमोवर नुसते एक अक्षर आणि मराठी शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव मधोमध. तिघांना एकत्र आणून मगच पुढे सरकावे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. मोठ्यांना शुल्क 90 युरो, विमा निदान 30,000 युरोंचा, वर बँकेचे स्टेटमेंट. स्लॉट मिळत नाही म्हणून घाबरू नये. सीसीआयला कापूस विकायला ‘कपास किसान’ ॲपवर स्लॉट मिळवलेल्या माणसासाठी युरोपचा व्हिसा म्हणजे दुसरीचा पेपर.

खरी मेख पुढे आहे. अर्जासोबत रोजचा कार्यक्रम द्यावा लागतो. “तिसरा दिवस : काही नाही. चौथा दिवस : तिसऱ्याप्रमाणे” असे लिहून चालत नाही. तेव्हा कागदावर रोज दोन संग्रहालये टाकावीत. मात्र तो कागद काकांच्या हाती पडू देऊ नये; ते तो अंमलात आणतील.

पायरी चौथी : सामान

आपला जिल्हा तेलंगणात थंडीसाठी नावाजलेला. त्यामुळे “आपल्याले काय थंडीचं सांगता” म्हणून निघणारे पुष्कळ. व्हिएन्नात पारा शून्याच्या आसपास खेळतो आणि चौकात टायर जाळून शेकता येत नाही. आतून गरम कपडे घ्यावेत, चांगले बूट घ्यावेत. कानपट्टी आणि मफलर यांबद्दल सांगायची गरज नाही; ते गणपतीपासूनच बाहेर निघालेले असतात.

खाण्याचे मात्र नीट ऐकावे. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे आत्याने दिलेले साजूक तूप, पेढे आणि खव्याची पोळी घरीच ठेवावी. चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि तेलातल्या पुऱ्या यांच्यावर दुधाचा आळ येत नाही.

पायरी पाचवी : पोहोचणे

विमानतळाची चर्चा आदिलाबादला भरपूर आहे, विमान नाही. तेव्हा 44 क्रमांकाच्या महामार्गाने निर्मलचा घाट उतरून तीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद, मग शमशाबाद, मग आखातातून किंवा फ्रँकफुर्टवरून व्हिएन्ना. पोचवायला दोन गाड्या भरून माणसे येतील. त्यांच्या जेवणाचा खर्च युरोप-खात्यात धरावा.

पायरी सहावी : बंद शहरात राहणे

इथे खरी परीक्षा आहे. ऑस्ट्रियात 24 डिसेंबरला दुकाने दुपारीच मिटतात. संध्याकाळी कुटुंबे घरात जमतात. भेटवस्तूही तिथे सांताक्लॉज आणत नाही, बाळ येशू आणतो. 25 आणि 26 दोन्ही दिवस सुटी. 2026 साली 25 ला शुक्रवार, 26 ला शनिवार, आणि रविवारी दुकाने एरवीही बंदच. म्हणजे सलग तीन दिवस. 24 च्या सकाळी पाव, फळे, दूध आणि कांदे घेऊन ठेवावेत. पाणी विकत घेऊ नये. 1873 पासून डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरात येते.

सेंट स्टीफन चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत. त्या खालून बघाव्यात. दिवस चारच्या सुमारास मावळतो, त्याला नाइलाज आहे. “चार वाजता झोपाले का इथं आलो?” याचे उत्तर “होय” असे शांतपणे द्यावे.

पायरी सातवी : कॉफीघरातला सराव

व्हिएन्नाच्या कॉफीघर-संस्कृतीला ऑस्ट्रियाने 2011 मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घातले. एक कॉफी मागवावी. सोबत चांदीसारख्या तबकात पाण्याचा ग्लास येतो. मग तासन्‌तास बसावे, कोणी उठवत नाही. आपल्या माणसाला हेच सोसत नाही. काका घोटाघोटात कॉफी संपवतात, खुर्ची मागे सरकवतात, पाकीट काढतात आणि वेटरकडे बघत राहतात. वेटर येत नाही.

“हा बिल काहून देऊन नाही राह्यला?”

“मागितल्याशिवाय देत नाहीत, काका.”

“मंग बसायचं? एवढा पैसा खर्चून? बसाले घर काय वाईट होतं?”

या प्रश्नावर वाद घालू नये. दुसरी कॉफी मागवावी. तिसऱ्या दिवशी काका स्वतःहून खिडकीजवळचे टेबल धरतात. तिथून ट्राम मोजता येतात.

पायरी आठवी : परतल्यावर

“काय काय पाहिलं?” या प्रश्नाला “फारसं काही नाही” हे उत्तर गावात चालत नाही. एक राजवाडा, एक चर्च आणि एक नाताळ बाजार यांचे फोटो ठेवावेत. बाकीचे विचारणाऱ्याच्या कल्पनेवर सोडावे.

शेवटचे आणि महत्त्वाचे : नाताळसाठी व्हिसाची फाइल जूनअखेरपासून लावता येते, म्हणजे सरकी लावण्याच्याच दिवसांत. दोन्ही कामे एकदम करावीत. मात्र डिसेंबर आला आणि कापूस अजून ओसरीतच असेल, तर तारीख बिनदिक्कत पुढे ढकलावी. फेब्रुवारीत व्हिएन्ना तिथेच असते, दुकाने उघडी असतात आणि फोन मुकाट असतो. नाताळ तेवढा हुकतो. पण निवांतपणा हवा असेल, तर तोच मोसम खरा.